अठ्ठावीस सांध्यांची तपासणी

१३ जानेवारी

आज सांध्यांच्या डॉक्टरांनी मला एक आकडा दिला, म्हणून ही वही. आकडा मिळाला की मला बरं वाटतं. बावीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली. बाजारात मला मागून तराजूबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा रागही नाही.

डॉक्टरबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. बोलतात मोजून. म्हणाल्या, हा साधा म्हातारपणाचा वात नाही, हा रूमेटॉइड. शरीराचे पहारेकरीच उलटतात आणि सांध्यांना आतून कुरतडतात. नुसतं दुखणं कमी करणं हे त्यांचं ध्येय नाही. आजाराला पुरतं झोपवायचं, सूज नाही, कळ नाही, रक्तात खूण नाही. त्याला त्या रेमिशन म्हणतात. सहा महिन्यांत तिथवर पोचायचं. तीन महिन्यांत नीट उतार दिसला नाही तर औषध वाढवायचं किंवा बदलायचं, वाट बघत बसायचं नाही. हाड एकदा कुरतडलं की ते भरून येत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला एकदाच पुरलं होतं.

आकडा असा काढतात: अठ्ठावीस सांधे एकेक करून दाबायचे. किती दुखतात, किती सुजलेत ते मोजायचं. रक्ताचा एक आकडा घ्यायचा. आणि शेवटी पेशंटला विचारायचं, शून्य ते दहामध्ये तुम्हाला कसं वाटतंय? या सगळ्याचा मिळून एक आकडा. दोन पूर्णांक सहाच्या खाली गेला की रेमिशन. माझा आज पाच पूर्णांक चार.

सगळं पटलं, ते शेवटचं सोडून. कसं वाटतंय हे काय माप झालं? उद्या दुकानदार म्हणेल, बाई, मला हा किलो भरल्यासारखा वाटतोय. अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणून मी माझ्या चाचण्या ठरवल्या. दर रविवारी सकाळी सातला, हात सगळ्यात आखडलेले असतात तेव्हा. एक, कॉफीच्या बरणीचं झाकण. दोन, बाहेरच्या दाराचं कुलूप. तीन, कपड्यांचे वीस चिमटे दोरीवर लावणं. चार, माझ्या निळ्या शर्टची सात बटणं. पाच, भरलेली किटली उचलून दोन कप ओतणं. घड्याळ लावून.

यादी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवली. आमच्या फिटरसाहेबांनी (म्हणजे नवऱ्यानं, बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं फिटर आहेत) ती दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. ते एरवीही काही बोलत नाहीत. इंजिनाशी बोलत असतील.

१९ जानेवारी, रविवार

पहिली तपासणी. बरणी: तीन मिनिटांत उघडली नाही, सोडून दिली. कुलूप: चाळीस सेकंद, दोन्ही हात. चिमटे: वीसपैकी सात. बटणं: सहा मिनिटं, त्यातलं वरचं लावलंच नाही. किटली: उचलली, अर्धं पाणी ओट्यावर.

नोंद पूर्ण. रडायचं काही कारण नव्हतं आणि मी रडलेही नाही. फिटरसाहेब बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आज पेपरात एवढं काय होतं कोण जाणे, पहिल्या पानावरून पुढे गेलेच नाहीत.

आईला हेच होतं. तेव्हा आमच्याकडे याला नाव नव्हतं, औषधही नव्हतं. होतं ते फक्त तिला होतं. तिची बोटं हळूहळू एका बाजूला झुकली, वाऱ्यावरच्या गवतासारखी, आणि परत सरळ झाली नाहीत. शेवटची नऊ वर्षं तिला कोणीतरी भरवायचं. मी भरवायचे. मला ते व्हायचं नाही. एवढंच काय ते इथे लिहून ठेवते.

२ फेब्रुवारी, रविवार

बरणी उघडली! पन्नास सेकंद. आधी जरा घट्ट वाटली, मग एकदम सुटली. किटलीतून दोन कप ओतले, थेंब सांडला नाही. (किटली आदल्या रात्री फिटरसाहेब भरून ठेवतात, म्हणजे मला नुसतं उचलायचं राहतं. तेवढी मदत नियमात बसते.)

डॉक्टरांनी दिलेली आठवड्यातून एकदाची गोळी लागू पडतेय. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, पण ते चालतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बरणी: बारा सेकंद. कुलूप: नऊ, एकाच हातानं. आणि ते किरकिरलं नाही, म्हणजे मी किल्ली आता सरळ घालतेय. चिमटे: एकोणीस. बटणं: दोन मिनिटं. किटली: छान.

आलेख काढला. रेघ अशी उतरलीय की शाळेत असते तर बाईंनी वर्गात दाखवली असती.

फिटरसाहेब हल्ली रविवारी पाचला उठतात. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यांना रविवारी नऊच्या आत उठलेलं मी पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, वय झालं, झोप उडते. हाताला मशिनच्या तेलाचा वास येत होता. रविवारी वर्कशॉप बंद असतं, पण तो वास आता त्यांच्या कातडीतच मुरलाय.

२६ फेब्रुवारी

वाईट दिवस. भाजी बाजारात तपासणी होती. आमचा पैलवान (कार्यालयातला मदतनीस, अंगानं काडी, म्हणून पैलवान) वजनांची पेटी घेऊन बरोबर. प्रमाण वजनाला बोट लावायचं नाही, घामानंही ते बिघडतं, चिमट्यानं उचलायचं, हे मी नव्या लोकांना शिकवते. आज दोनशे ग्रॅमचं वजन माझ्या चिमट्यातून निसटलं आणि फरशीवर आपटलं. कडेला टवका.

सगळा बाजार बघत होता. मी तिथल्या तिथे नोंद केली, वजन बाद केलं, संच फेरतपासणीला पाठवायचा कागद भरला. पैलवान हळूच म्हणाला, बाई, टवका बारीक आहे, कोणाला दिसणार नाही. मी म्हटलं, मला दिसला ना. त्यानं मान खाली घातली. जरा जास्तच बोलले.

चिमट्याची स्प्रिंग ताठ झाली आहे. बदलायला सांगितली. सील मारायची पक्कडही जड झाली आहे, सगळंच सामान जुनं. घरी हात इतके सुधारलेत आणि कार्यालयात हे असं.

१५ मार्च

आज एक गंमत. कोपऱ्यावर सुकामेव्याचं दुकान चालवणाऱ्या आजीबाईंचा काटा तपासला. किलोमागे चाळीस ग्रॅम खोटा, पण गिऱ्हाईकाच्या बाजूनं. जास्त देत होता. आतल्या स्क्रूशी त्यांनी स्वतःच खेळ केलेला. विचारलं तर म्हणाल्या, लोक मनात म्हणतात म्हातारी मारते, त्यापेक्षा थोडं जास्त गेलेलं बरं.

मी त्यांना बसवून समजावलं. काटा कोणाच्या बाजूनं खोटा आहे याला अर्थ नाही. खोटा तो खोटाच. उलट कमी देणारा लगेच सापडतो, कारण गिऱ्हाईक ओरडतं. जास्त देणाऱ्याबद्दल कोण तक्रार करणार? त्या ऐकत होत्या, पण पटलेलं दिसलं नाही. म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या, तुमचं बरोबर असेल. काटा सील केला आणि निघाले. सील पैलवानानं दाबलं.

घरी सांगितलं. मला वाटलं हसतील. फिटरसाहेब जेवता जेवता थांबले आणि विचारलं, त्यांना दंड केलास का? मी म्हटलं, नियमानं करायला हवा होता, ताकीद दिली. हं, म्हणाले आणि ताट उचलून मोरीत ठेवायला गेले. अर्धं तसंच होतं.

११ एप्रिल

तीन महिन्यांची तपासणी. डॉक्टरांनी सांधे दाबले. दाबल्यावर उजव्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाशी कळ येते. पण कळ येणं आणि दुखणं यांत फरक आहे असं माझं मत आहे, म्हणून मी नाही म्हटलं. त्यांनी तिथे दोनदा दाबलं आणि माझ्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघितलं. ही पद्धत चांगली आहे, मीही दुकानदारांवर वापरते. मी तोंड सरळ ठेवलं.

कसं वाटतंय? मी म्हटलं, तीन.

आकडा तीन पूर्णांक तीन. त्या खूश नव्हत्या. म्हणाल्या, मनगटाला आणि बोटांच्या मुळाशी सूज हाताला लागतेय, रक्तही पूर्ण उतरलेलं नाही. त्यांना पुढचं औषध सुरू करायचं होतं, इंजेक्शनचं. मग मी वहीतला आलेख पुढे केला. बारा रविवार, पाच चाचण्या, सेकंदांसकट. सूज पूर्वीपासून आहे, माझी बोटंच जाड, असंही सांगितलं. (अंगठी निघत नाही, पण ती लग्नातली आहे, तेव्हा मी बारीक होते.)

त्यांनी वही बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, इतक्या शिस्तीनं कोणी मोजलेलं मी पाहिलेलं नाही. मग म्हणाल्या, मनाला पटत नाही, पण सहा आठवडे थांबते, त्यापुढे एक दिवस नाही.

जिंकले. फिटरसाहेब बाहेर बाकावर बसले होते. सांगितलं, इंजेक्शन टळलं, तुमच्या बायकोच्या वहीनं टाळलं. त्यांचा चेहरा पडला. इंजेक्शनची भीती मला असायला हवी, त्यांना कसली?

घरी येताना त्यांनी विचारलं, डॉक्टरांनी वहीवर विश्वास ठेवला? मी म्हटलं, का नाही ठेवणार? ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात बस आली.

९ मे

मोठ्या दिरांचं ऑपरेशन आहे, दुसऱ्या गावी. फिटरसाहेब पाच दिवसांसाठी गेले. निघताना चारदा परत आत आले. एकदा छत्री, एकदा चष्मा, एकदा नुसतेच. शेवटी म्हणाले, या रविवारी नाही केल्यास चाचण्या तर नाही का चालणार? मी म्हटलं, एक रविवार गाळला की आलेखाला भोक पडतं. तुम्ही भावाकडे बघा.

११ मे, रविवार

बरणी उघडली नाही.

आधी वाटलं, नीट धरली नसेल. ओल्या फडक्यानं धरली. गुडघ्यांत धरली. सात वाजून दहा मिनिटांनी सुरू केलं आणि बावीस मिनिटांनी थांबले. बोटांच्या मुळाशी अशी कळ गेली की डोळ्यापुढे पांढरं झालं. किटली मीच भरली होती काल. उचलली आणि ती माझ्या हातातून पडली, पाणी पायावर. गार पाणी होतं, नशीब.

कुलूप मात्र नऊ सेकंदांत उघडलं. चिमटे वीसच्या वीस. बटणं दीड मिनिट.

असं कसं? मला भीती वाटतेय. आजार उसळलाय हे नक्की, पण तो असा निवडक कसा? बरणी नको म्हणतो आणि बटणं चालवून घेतो?

डॉक्टरांना फोन केला. मंगळवारी बोलावलंय. फिटरसाहेबांना कळवलं नाही, त्यांच्या डोक्याला आधीच ताप आहे. त्यांचा संध्याकाळी फोन आला होता. पहिला प्रश्न, आज उघडली का? मी म्हटलं, हो, अकरा सेकंदांत. ते म्हणाले, अकरा? आणि फोन ठेवला.

१३ मे

डॉक्टरांनी हातांची सोनोग्राफी केली. काळ्या पडद्यावर माझं हाड पांढऱ्या रेघेनं दिसत होतं. तर्जनीच्या मुळाशी त्या रेघेला खाच होती. उंदरानं भाकरीच्या कडेला तोंड लावावं तशी.

मी म्हटलं, रविवारी अचानक उसळला. डॉक्टर म्हणाल्या, ही खाच दोन दिवसांची नाही, काही महिन्यांची आहे. मग त्यांनी विचारलं, तुम्ही मला जे सांगत होतात ते खरं होतं? त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, वहीतला एकेक सेकंद खरा आहे. तो खरा आहेच. मी हातानं लिहिलाय.

पुढच्या गुरुवारी परत. इंजेक्शनच्या आधी क्षयाची तपासणी आणि छातीचा फोटो लागतो, तो करून यायला सांगितलं. ती खाच आता तशीच राहणार. भरून येत नाही. दोनदा सांगितलं होतं.

बसमध्ये आईची बोटं दिसत राहिली.

१४ मे

फिटरसाहेब आले. दीर बरे आहेत. मी सोनोग्राफीचं काही बोलले नाही. त्यांनी हातपाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात चक्कर टाकली.

१७ मे, शनिवार, संध्याकाळ

चार दिवस डोक्यात एकच चाललंय. एक माल दोन काट्यांवर वेगवेगळा भरला, तर मालाला दोष द्यायचा नाही, काटे तपासायचे. हे मी पहिल्या वर्षी शिकले. जानेवारीपासून माझ्या हातांचं वजन घरात एक आणि बाहेर एक येतंय. आणि मी स्प्रिंगला दोष देत बसले.

आता बरणी घट्ट लावली, दुखलं तरी. झाकणावरून खाली काचेपर्यंत पेन्सिलची एक बारीक उभी रेघ ओढली. तपासलेल्या काट्यावर आम्ही अशी खूण करतो. पाहणाऱ्याला ओरखडा वाटतो.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. ते बाहेर चप्पल शिवत बसलेत.

१८ मे, रविवार

रेघ दोन बोटं सरकली होती.

मी घड्याळ लावलंच नाही. आधी सगळं तपासलं. चिमट्यांच्या स्प्रिंगा एकेक करून पक्कडीनं वाकवून ढिल्या केलेल्या, वीसच्या वीस. कुलपात तेल. निळ्या शर्टची काजं ब्लेडनं वाढवून कडेनं परत शिवलेली. टाके जाड, पुरुषी, पण एकसारखे. चष्मा लावून शिवले असतील. किटलीत पाणी अर्ध्याला बोटभर कमी.

मी सगळं टेबलावर मांडलं, पंचनाम्याला मांडतात तसं, आणि त्यांना बोलावलं. ते आले, टेबलाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. नाकबूल केलं नाही. त्याचाच जास्त राग आला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या रविवारपासून."

"का?"

"पहिल्या रविवारी तू बरणी मांडीत घेऊन वीस मिनिटं बसली होतीस," ते म्हणाले. "मी घड्याळ बघत होतो. मग तू वहीत तीन लिहिलंस."

 वही आणून बघितली. तीनच लिहिलंय. वीस मिनिटं झाली होती हे मला आता आठवतं. तेव्हा मी काय केलं होतं? तीनच्या वर लिहायला हात धजला नव्हता बहुतेक. म्हणजे काट्यावर पहिला अंगठा माझाच.

पण तेवढ्यानं राग जात नाही. मी सोनोग्राफीचं सांगितलं. खाच सांगितली. म्हटलं, डॉक्टर एप्रिलमध्ये औषध बदलणार होत्या, ही वही दाखवून मी त्यांना थांबवलं, आणि ही वही तुम्ही लिहिलीत. त्यांचे ओठ पांढरे पडले. म्हणाले, त्या दिवशी बाकावर कळलं मला. सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण तू इतकी आनंदात होतीस.

"माझ्या आनंदाला काय जाळायचंय?" मी म्हटलं. "मोजताना कोणी हात लावायचा नसतो. आपल्या माणसानं तर नाहीच."

"मग मी काय करायचं होतं?"

"काही नाही."

"नुसतं बघत बसायचं?"

"हो. नुसतं बघत बसायचं."

त्यांनी टेबलावरचे चिमटे बाजूला सरकवले. मग त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले, काळ्या नखांचे, जाड, एकही बोट न दुखणारे.

"मग मी माझ्या हातांचं काय करू?" म्हणाले.

 मी शर्ट घेऊन आत गेले आणि दार लावलं. जेवण दोघांचं वेगवेगळं झालं.

२० मे

दोन दिवस अबोला. घरात दोन माणसं आणि भांड्यांचाच तेवढा आवाज. राग त्यांच्यावर आहे की माझ्यावर, हे वेगळं करता येत नाहीये. त्यांना सोडून कोणावर रागावणार? दुसरं इतकं जवळचं आहे कोण?

आज त्यांनी सगळ्या स्प्रिंगा परत ताठ करून ठेवल्या. शर्ट काजं बारीक करायला शिंप्याकडे दिला. काही न सांगता.

२२ मे

दोघं गेलो. मी म्हटलं, आत या, पण बोलायचं नाही. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, पंजे मांड्यांखाली दाबून.

डॉक्टरांनी अठ्ठावीस सांधे दाबले. आज मी खरं सांगितलं. हो. हो. हो, इथेही. अकरा दुखणारे, सात सुजलेले. वहीची सगळी कथा सांगितली, माझ्या तीन मिनिटांपासून. डॉक्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, थांबायला मी कबूल झाले, हातांवर नाही, कागदावर विश्वास ठेवला, ती चूक माझी. असं बोलणारा माणूस मला कार्यालयात एकही भेटलेला नाही.

मग तोच प्रश्न. शून्य ते दहा, कसं वाटतंय?

मी पुन्हा तीन म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, "सात. जानेवारीपासून सातच आहे. कधी आठ."

आकडा पाच पूर्णांक आठ. सुरुवातीपेक्षा जास्त. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात, मग दर पंधरा दिवसांनी.

बाहेर आलो. फिटरसाहेब बाकावर बसले ते उठेचनात. मी म्हटलं, चला. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, मी ते तीनवर आणलंय."

मी त्यांच्या शेजारी बसले. दोन बस गेल्या. आम्ही तिसरी पकडली.

१२ जून

कार्यालयात आरोग्याचा कागद भरला. बाजारातली तपासणी सहा महिने नको, असं स्वतःच लिहून दिलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. आता मी नोंदीच्या खोलीत, धूळ आणि मी. पैलवान दिवसातून दोनदा चहा घेऊन येतो आणि नव्या तपासनिसाची नक्कल करून दाखवतो. वाईट करतो, पण करू दे.

दुसरं इंजेक्शन घेतलं. ते घरीच पोटावर टोचायचं असतं. मी म्हटलं, मीच घेणार. पेनाचं बटण माझ्या अंगठ्यानं दबेना. दोनदा प्रयत्न केला, मग पेन त्यांच्यापुढे धरलं. अर्ध्या टनाची इंजिनं उचलून ठेवणारा माणूस, पण पेनावरच्या सूचना दोनदा मोठ्यानं वाचल्या. दुखलं, आणि मी दुखलं असं म्हटलं.

६ जुलै, रविवार

चाचण्या परत सुरू. नवी वही. ते समोर बसतात, पंजे मांड्यांखाली. बरणी: उघडली नाही. तीस मिनिटं लिहिली, तीसच झाली होती. पंचविसाव्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते हलले नाहीत. एवढं अवघड काम त्यांनी वर्कशॉपमध्येही केलं नसेल.

पानाच्या खाली मी साक्षीदार असं लिहिलं आणि त्यांची सही घेतली.

२२ ऑगस्ट

आकडा चार पूर्णांक एक. डॉक्टर म्हणाल्या, दिशा बरोबर आहे, वेग कमी आहे. तेवढ्यात मला खोकला, ताप. इंजेक्शन असताना संसर्ग अंगावर काढायचा नाही, म्हणून एक डोस पुढे ढकलला. डोस ढकलला की आजार डोकं वर काढील ही भीती. रोज सकाळी उठल्या उठल्या मूठ वळून बघते. वळते अर्धी.

२८ सप्टेंबर, रविवार

बरणी: चार मिनिटं. माझी मीच.

फिटरसाहेबांनी सही करताना तारीख चुकवली.

२१ नोव्हेंबर

अठ्ठावीस सांधे. दुखणारा एक, सुजलेला एकही नाही. रक्त स्वच्छ. कसं वाटतंय? मी मूठ वळली, उघडली, परत वळली. डॉक्टर थांबल्या. मी म्हटलं, दोन. आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, दोन.

आकडा दोन पूर्णांक चार.

डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. मग लगेच पुढचंही सांगितलं. झोपलंय, गेलेलं नाही. औषध चालूच, तीन महिन्यांनी परत मोजायचं. तर्जनी पूर्ण मिटणार नाही, ती खाच आहे तिथेच आहे. मला सगळं माहीत होतं, तरी मी त्यांना तो शब्द कागदावर लिहून द्यायला सांगितला. आईला हा शब्द कोणी कधी सांगितला नाही.

घरी आलो. न्हाऊन केस मोकळे सोडले. कित्येक महिने मी ते नुसते रबरानं बांधत होते. आज वेणी घालून पाहिली. जमली. सैल, पण जमली.

मग सोडली. बाहेरच्या खोलीत गेले, त्यांच्यापुढे पाठ करून खाली बसले आणि म्हटलं, वेणी घाला.

ते म्हणाले, तुला जमत नाही का?

"जमतं," मी म्हटलं. "आत्ताच घातली होती. तुम्ही घाला."

 मग त्यांनी हात धुवायला नळ सोडला, दोनदा साबण लावला आणि येऊन बसले. तीन पेड आहेत, कुठला कुठल्यावरून न्यायचा, हे तीनदा विचारलं. अर्ध्यात सगळी सोडून परत सुरू केली. केस ओढले गेले, मानेला रग लागली आणि अर्धा तास झाला. मी घड्याळ बघत नव्हते, अंदाजानं सांगतेय.

वेणी डाव्या खांद्याकडे वाकडी गेली आहे. हे लिहीपर्यंत मी ती सोडलेली नाही.